आठ जागा, हजार स्किल

पुस्तकाची किंवा सिनेमाची समीक्षा करणं त्या मानानं सोपं. एकदा छापलं, एकदा पडद्यावर आलं, की ते बदलत नाही. आपण सवडीनं वाचावं, बघावं आणि मत मांडावं. पण वीस-वीस वर्षं चालणाऱ्या ऑनलाइन खेळांचं काय करायचं? ‘एव्हरक्वेस्ट’ 1999 सालचा, तो अजून चालू आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झाला. तेव्हा कॉलेजात असलेल्या मुली आज चाळिशीला आल्या. असा खेळ म्हणजे नांदतं घरच म्हणायचं. आणि नांदत्या घराला जो प्रश्न सगळ्यांत जास्त छळतो तोच या खेळांनाही छळतो: सामान वाढत जातं, त्याचं करायचं काय?

इथं सामान म्हणजे भांडीकुंडी नव्हेत, ‘स्किल’. ज्यांनी असा खेळ कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खेळणारी एक पात्र निवडते. कुणी लढवय्यी, कुणी जादूगार, कुणी जखमा भरून काढणारी म्हणजे हीलर. सुरुवातीला त्या पात्राला दोन-तीनच गोष्टी येतात. खेळत जाल तशी पातळी वाढते, आणि पातळीबरोबर नवं काही शिकायला मिळतं: नवा वार, नवा मंत्र, नवी ढाल. प्रत्येक स्किलचं एक छोटं चित्र असतं. ते पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर ठेवायचं आणि कीबोर्डवरचं बटण दाबून वापरायचं. वॉरक्राफ्टच्या एका पट्टीत बारा जागा. पहिली पट्टी भरली की दुसरी उघडायची, मग तिसरी. दहा बोटांना बटणं पुरेनाशी झाली की शिफ्ट दाबून एक, कंट्रोल दाबून दुसरं, अशी कसरत सुरू होते.

पहिल्या वर्षी यात मजाच असते. रिकाम्या पट्टीवर एकेक चित्र येत जातं, ते नव्या संसारात एकेक वस्तू यावी तसं. अडचण पुढं येते. हे खेळ दर दोन-एक वर्षांनी नवी भर विकायला काढतात, तिला ‘एक्सपान्शन’ म्हणतात. वॉरक्राफ्टची कमाल पातळी सुरुवातीला 60 होती. 2007 मध्ये ती 70 झाली, 2008 मध्ये 80, 2010 मध्ये 85, 2012 मध्ये 90, 2014 मध्ये 100. ज्यांनी पैसे मोजले त्यांना काही तरी नवं हातात पडायलाच हवं. म्हणून प्रत्येक वेळी नवी स्किल. आणि जुनी? जुनी कुणाची तरी आवडती असतातच, म्हणून ती काढता येत नाहीत. येतं ते येतं, जात काहीच नाही. दिवाळीला आलेले स्टीलचे डबे आठवा.

हा प्रश्न फक्त पसाऱ्याचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. पण इथं एका जिवंत माणसानं मेहनतीनं कमावलेली जाण पणाला लागते. रात्री घरचं आवरून दहा वाजता हेडफोन लावून बसणाऱ्या बायका मी ओळखते. त्यांच्या हाताला त्या पट्टीची सवय असते, तव्याचा चटका न लागता भाकरी उलटायची असते तशी. ती सवय म्हणजे त्यांनी घातलेली वर्षं. कंपनीनं त्या यादीत हात घातला की त्या वर्षांत हात घातला. तेव्हा यादी आवरायची कुणी, कशी आणि कुणाला विचारून, हा माझ्या मते या खेळांच्या समीक्षेतला मोठा प्रश्न आहे. ग्राफिक्स किती देखणी आहेत यापेक्षा पुष्कळ मोठा.

आता एक जुनी गोष्ट बघू. वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक मंत्राच्या पायऱ्या असायच्या. हीलरचा जखम भरायचा मंत्र घ्या. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. दर काही पातळ्यांनी गुरूकडे जायचं, पैसे मोजायचे आणि वरची पायरी शिकायची. वरच्या पायरीनं जखम जास्त भरते, पण ‘मॅना’ म्हणजे मंत्राला लागणारी शक्तीही जास्त खर्च होते. वरवर बघणाऱ्याला वाटेल, चौथी पायरी शिकल्यावर दुसरी कशाला ठेवायची? अडगळच ती.

पण हीलर बायकांनी आणि पुरुषांनीही काय केलं बघा. दुसरी पायरी मुद्दाम पट्टीवर ठेवली. चाळीस जणांचा जथा मोठ्या लढाईला निघाला की लढाई दहा-दहा मिनिटं चालायची, आणि शेवटच्या मिनिटाला हीलरचा मॅना संपला तर सगळे मेले. ज्याला थोडंसंच लागलंय त्याच्यावर मोठा मंत्र कशाला वाया घालवायचा? त्याला दुसऱ्या पायरीचा छोटा मंत्र पुरे. ज्याला खरंच मोठं लागलंय त्याच्यासाठी मोठा. आमटीला पळी, भाताला डाव, तुपाला छोटा चमचा. कुठल्याही पंगतीत वाढणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तुपाच्या भांड्यात कुणी डाव घातला तर आपणच ओरडू.

ही करकसर खेळ बनवणाऱ्यांनी शिकवलेली नव्हती. खेळणाऱ्यांनी ती स्वतः शोधून काढली, टाकाऊ ठरलेल्या वस्तूतून. कंपनीला मात्र ती रुचली नाही. आधी 2007 मध्ये खालच्या पायऱ्यांचा जोर कमी केला. मग 2008 मध्ये सगळ्या पायऱ्यांचा खर्च पात्राच्या मूळ मॅनाच्या टक्क्यांत मोजायला लागले, म्हणजे लहान चमचा घेतला काय नि मोठा घेतला काय, तूप तेवढंच जाणार. 2010 च्या ‘कॅटाक्लिझम’च्या वेळी पायऱ्याच काढून टाकल्या. यादी छोटी झाली खरी, आणि नव्यानं येणारीला सोपंही झालं. पण त्या यादीत एक शहाणपण होतं, तेही त्याबरोबर गेलं. बटणं मोजणाऱ्याला ते दिसलं नसतं. वाढणाऱ्याला दिसलं असतं.

त्यानंतर वॉरक्राफ्टनं जे केलं त्याला इंग्रजीत ‘प्रूनिंग’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडे द्राक्षाच्या बागेत करतात ती छाटणी. 2012 मध्ये जुनी फांद्याफांद्यांची टॅलेंटची झाडं काढून त्या जागी दर पंधरा पातळ्यांनी तिनांतून एक निवडा, अशी मांडणी आली. 2014 मध्ये ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’च्या वेळी ठरवून पुष्कळ स्किल कापली. 2016 च्या ‘लीजन’मध्ये आणखी. लीजनमागचा विचार असा होता की प्रत्येक क्लासच्या प्रत्येक शाखेला स्वतःचा वेगळा चेहरा असावा. शिकाऱ्याची एक शाखा तर धनुष्य खाली ठेवून भाला घेऊन जवळून लढायला लागली. विचार म्हणून वाईट नव्हता. पण शाखांना चेहरा देण्यासाठी अख्ख्या क्लासच्या सामायिक गोष्टी कापल्या गेल्या. एकत्र घराची वाटणी करताना प्रत्येकाला स्वतंत्र चूल दिली, आणि सगळ्यांचा मिळून जो पाटा-वरवंटा होता तो कुणाकडेच राहिला नाही, असं काहीसं झालं.

यातलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. शिकारी क्लासला एक स्किल होतं, आपल्या पाळीव प्राण्याच्या डोळ्यांनी बघायचं. अहिंसेच्या घरात वाढलेल्या बाईनं शिकाऱ्याचं उदाहरण द्यावं याचं हसू येईल, पण या खेळातला शिकारी प्राणी माणसाळवून त्यांना सोबतीला ठेवणारा आहे. सोबतचा वाघ किंवा अस्वल पुढं पाठवायचं आणि त्याच्या नजरेतून पलीकडं काय आहे ते पाहून यायचं. लढाईत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. म्हणून कॅटाक्लिझमच्या वेळी ते काढून टाकलं. साधारण त्याच काळात शिकाऱ्याला बाण विकत घ्यायची गरज उरली नाही, आणि आपल्या प्राण्याला वेळच्या वेळी खाऊ घालून खूश ठेवायचीही. तिन्ही गोष्टी कटकटीच्या होत्या, हे मान्य. पण प्राण्याला खाऊ घालणं, त्याच्या डोळ्यांनी बघणं, हे गेल्यावर ‘शिकारी आणि त्याची सोबत’ यातली सोबत किती उरली? लांबून मारणारं एक यंत्र, शेजारी एक प्राणी, एवढंच.

दहा वर्षांनी कंपनीलाही हे उमगलं. 2019 च्या शेवटी पुढच्या भागाची घोषणा करताना त्यांनी ‘अनप्रूनिंग’ असा शब्द काढला, म्हणजे छाटलेलं परत लावणं. 2020 च्या ‘शॅडोलँड्स’मध्ये प्राण्याच्या डोळ्यांनी बघणं परत आलं, पॅलाडिनचे ऑरा परत आले, क्लासची सामायिक स्किल पुन्हा सगळ्या शाखांना मिळाली. 2022 च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये टॅलेंटची झाडंही नव्या रूपात परत आली, एक क्लासचं आणि एक शाखेचं. आणि मग काय, यादी पुन्हा लांबायला लागली! आमच्या सीमाभागात द्राक्षबागा पुष्कळ. तिथल्या कुणालाही विचारा, छाटणारा आधी काडी बघतो, डोळे मोजतो, मग कात्री लावतो. ‘फार दाट झालंय’ म्हणून सरसकट कापत सुटला तर पुढच्या हंगामात पानं दिसतील, घड दिसणार नाहीत. आणि एकदा कापलेला डोळा चिकटवता येत नाही. खेळात तो चिकटवता येतो हे खरं, पण मधल्या दहा वर्षांत ज्या खेळायचं सोडून गेल्या त्या परत येत नाहीत.

इथं मला आपल्याकडच्या एका व्रताची आठवण होते. भोगोपभोग-परिमाण. आपल्या वाचकांना हे सांगायला नको, तरी थोडं उलगडते. एकदाच वापरून संपतं ते भोग, जसं अन्न; पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, जसे कपडे, दागिने, भांडी. त्याला मर्यादा घालायची. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’मध्ये या मर्यादेचे दोन प्रकार दिलेत: नियम आणि यम. नियम म्हणजे ठरावीक काळापुरता सोडणं. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू. यम म्हणजे जन्मभरासाठी. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: सोडणारी व्यक्ती स्वतः सोडते, आणि काय सोडतेय हे तिला ठाऊक असतं. घरात मीठ आहे, चवही माहीत आहे, आणि तरी आज मिठाचा रस सोडलाय, तर तो त्याग. स्वयंपाक करणारी मीठ घालायला विसरली आणि आपण तसंच गिळलं, तर त्याला कुणी व्रत म्हणत नाही.

वॉरक्राफ्टची छाटणी ही विसरलेल्या मिठासारखी आहे. ताट हलकं झालं, पण जेवणारीनं काही ठरवलं नव्हतं. म्हणून तिला त्यात संयमाचं समाधान नाही, फक्त काही तरी कमी असल्याची जाणीव आहे. मला तर वाटतं, छाटणीवर खेळाडूंचा जो राग निघाला तो बटणं गेली म्हणून कमी होता. आपल्याला न विचारता आपलं काय कामाचं आणि काय अडगळ हे दुसऱ्यानं ठरवलं, हे जास्त झोंबलं. म्हाताऱ्या आजीच्या कपाटाची सफाई सूनबाईनं तिच्या माघारी केली तर आजी का चिडते? जुन्या साडीसाठी नव्हेच.

मग खेळात ‘नियम’ शक्य आहे का? आहे, आणि करून दाखवलेला आहे. ‘गिल्ड वॉर्स’ नावाचा खेळ 2005 च्या एप्रिलमध्ये आला. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या भरी निघाल्या आणि सगळी मिळून स्किल हजाराच्या वर गेली. वॉरक्राफ्टपेक्षाही मोठा पसारा. पण पट्टीवर जागा किती? आठ. खेळाच्या पहिल्या दिवशी आठ आणि पुढंही आठच. गावात असताना आपल्या जवळच्या सगळ्या स्किलमधून आठ निवडायची, त्यातही ‘एलीट’ म्हणजे खास दर्जाचं एकच. एकदा वेशीबाहेर पडलं की बदल नाही. परत गावात यावं तेव्हाच आठ बदलायची.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. एव्हरक्वेस्टमध्येही मंत्रांचं अख्खं पुस्तक जवळ असायचं आणि एका वेळी आठच मंत्र हाताशी ठेवता यायचे. पण तिथं रस्त्यात खाली बसून पुस्तक उघडून मंत्र बदलता यायचे. गिल्ड वॉर्सनं वेस घातली, आणि वेशीमुळे सगळंच बदललं. आज कुठं जायचंय, तिथं कोण भेटणार, बरोबर कोण आहे, याचा विचार घर सोडण्याआधी करावा लागतो. सकाळी नियम घेताना आपण दिवसाचा विचार करतो ना, तसाच. आज प्रवास आहे, तर अमुक नको. आज घरात कार्य आहे, तर तमुक मोकळं ठेवू. आणि एखादं स्किल आठांत बसलं नाही म्हणून ते गेलं असं होत नाही. पोतडीत आहे, उद्या घेता येईल. नव्या भरीत शंभर स्किल आली तरी हातावरचा भार वाढत नाही, निवड तेवढी वाढते.

हे वाचून वाटेल की झालं, उत्तर सापडलं. पण गिल्ड वॉर्सच्या खेळाडूंनी लवकरच दुसरी पळवाट काढली. कुणीतरी हुशारानं अमुक आठांचा संच उत्तम म्हणून मांडला की सगळे तोच संच घेऊन निघायचे. जथ्यात घेताना विचारायचे, तुझ्याकडे तो संच आहे का? नसला तर चल, हो बाजूला. हजारांतून आठ निवडायचं स्वातंत्र्य कागदावर राहिलं, आणि प्रत्यक्षात शेजारणीनं घेतलेला नियम आपणही घेतला, असं झालं. आपल्याकडे चातुर्मासात हे काही नवीन नाही. शिवाय हजार स्किल एकमेकांशी कशी वागतील याचा तोल सांभाळणं कंपनीलाही जड गेलं. 2012 मध्ये ‘गिल्ड वॉर्स 2’ आला, त्यात दहा जागा आहेत, पण त्यांतल्या पहिल्या पाच हातातलं हत्यारच ठरवून देतं. एक जागा उपचाराची, तीन निवडीच्या, एक एलीट. म्हणजे निम्मी निवड हत्यार घेताना झाली. पहिल्या खेळाची मोकळीक त्यात नाही, पण घोळही नाही.

तरीसुद्धा मी पहिल्या गिल्ड वॉर्सला वरचं स्थान देईन. नक्कल करणारे सगळीकडं असतात. त्यात दोष खेळाच्या मांडणीचा थोडा आणि माणसाच्या भित्रेपणाचा जास्त. ज्या खेळाडूला स्वतःचे आठ ठरवायचे होते तिला तो खेळ अडवत नव्हता. छाटणीत ती सोयच नाही.

आता तिसरी वाट. जपानी ‘फायनल फँटसी 14’. हा खेळ 2010 मध्ये आला, फसला, 2012 मध्ये बंद केला आणि 2013 च्या ऑगस्टमध्ये नव्यानं बांधून पुन्हा सुरू केला. यात एकच पात्र सगळे व्यवसाय शिकू शकतं. हातातलं हत्यार बदललं की व्यवसाय बदलतो आणि त्याबरोबर पट्टीही. साडी बदलावी तसं. सगळे व्यवसाय मिळून स्किल अफाट, पण एका वेळी एकाच व्यवसायाची समोर. शिवाय पुष्कळ स्किल जागच्या जागी मोठी होतात. पांढऱ्या जादूगारणीचा दगडाचा मंत्र वरच्या पातळीवर आपोआप अधिक जोरदार होतो, नाव आणि चित्र बदलतं, बटण तेच राहतं. हाताची सवय मोडत नाही. हे काम खरोखर विचारानं केलेलं आहे.

पण त्याच जादूगारणीचा जखम भरायचा पहिला मंत्र, ‘क्युअर’, दुसरा मिळाल्यावरही यादीत राहिला. वॉरक्राफ्टमधल्या छोट्या चमच्यासारखाच दिसतो, पण त्याचा तसा उपयोग नाही. तो वापरला तर कधी कधी पुढचा मोठा मंत्र फुकट पडतो, अशी एक लालूच त्याला लावून दिली. नवख्या हीलर त्या आशेनं तोच दाबत बसायच्या, आणि तेवढ्या वेळात पुढं उभा असलेला मरायचा. अनुभवी बायका नवख्यांना पहिलं हेच सांगायच्या, तो मंत्र पट्टीवरून काढ आधी. बघा, दोन खेळ, दोन्हींत जुना लहान मंत्र. एकात तो शहाणपणाचा, दुसऱ्यात फसवा. म्हणून ‘जुनं ते काढा’ किंवा ‘जुनं ते सोनं’ असा एकच निकाल लावता येत नाही. वस्तू हातात घेऊन बघावी लागते.

फायनल फँटसीतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. शंभरच्या पातळीला पोचलेली खेळाडू नवख्यांबरोबर पंधराव्या पातळीच्या जागी गेली, समजा सस्ताशा नावाच्या गुहेत, तर खेळ तिची पातळी तेवढ्यापुरती खाली आणतो. तिची वरची स्किल पट्टीवर काळवंडतात, दाबता येत नाहीत. उरतात ती थोडकीच. नवखी आणि मुरलेली एका पंगतीत, एकाच ताटातलं जेवतात. मुरलेल्यांची तक्रार असते की तीन बटणं दाबून कंटाळा येतो. येत असेल. पण या बंधनामुळेच जुन्या जागा ओस पडल्या नाहीत आणि नव्यानं आलेलीला सोबत मिळते. बाहेर पडलं की सगळं परत मिळतं. हा नियम स्वतः घेतलेला नसला तरी त्याला काळाची मर्यादा आहे आणि कारण समोर दिसतं. घेतलेलं परत मिळणार हे माहीत असलं की माणूस पुष्कळ सोसतो.

शेवटी अलीकडची गोष्ट. 2025 च्या जूनमध्ये वॉरक्राफ्टनं एक सोय दिली: एकच बटण. ते दाबत राहायचं, पुढचं स्किल कुठलं वापरायचं हे खेळच ठरवणार. हातानं खेळणाऱ्यापेक्षा ते जरा संथ चालतं, म्हणजे हातानं खेळणारीला फायदा राहतो. त्याच्याच जोडीला दुसरी सोय, पुढचं बटण नुसतं उजळून दाखवायची.

ज्यांची बोटं दुखतात, ज्यांना एका हातानं खेळावं लागतं, त्यांना हे वरदान आहे, आणि त्याबद्दल नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी परत आलेल्या बाईचाही विचार करा. बाळंतपण झालं, मूल शाळेत जायला लागलं, मग एका रात्री तिनं खेळ उघडला. समोर तिचंच पात्र, तेच नाव, आणि पट्टीवर निम्मी चित्रं अनोळखी. स्वतःच्याच स्वयंपाकघरात डबे उघडून हुंगत बसायची वेळ. तिला उजळणारं बटण पहिले चार दिवस आधार देईल. पण ही सोय म्हणजे कंपनीची कबुलीही आहे. वीस वर्षांत यादी अशी झाली की तिच्यातून निवडायला मुनीम ठेवावा लागला. ज्या सामानातून काय वापरायचं हे मुनीम सांगतो, ते सामान आपलं म्हणायचं का? परिग्रहाची चर्चा प्रवचनात ऐकताना आपण नेहमी सोनं-नाणं, शेत-घर डोळ्यांपुढं आणतो. ज्ञानाचा आणि कौशल्याचाही ढीग होऊ शकतो, हे या खेळांकडं बघून फार स्पष्ट कळतं.

तेव्हा असा खेळ चांगला की वाईट हे ठरवताना मी तीन गोष्टी बघते. नवं स्किल दिलं तेव्हा त्यासाठी जागा केली की नुसतं वर रचलं? काढलं तेव्हा ते वापरणाऱ्याच्या हातून बघितलं की यादीवर नजर टाकून? आणि काय जवळ घेऊन निघायचं याचा निर्णय खेळणारीकडं किती राहिला? या तीन कसोट्यांवर फायनल फँटसी पहिलीत चांगला उतरतो, तिसरीत बेताचा, कारण तिथं प्रत्येक व्यवसायाची पट्टी सगळ्यांची जवळपास सारखी असते. वॉरक्राफ्ट दुसरीत सपशेल नापास झाला, मग दहा वर्षांनी सुधारला. जुना गिल्ड वॉर्स तिसरीत अव्वल, आणि त्याची किंमत त्यानं तोल बिघडवून मोजली.

कुणीच तिन्हींत उत्तीर्ण नाही, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. घर आवरायचं शास्त्र आपल्यालाही कुठं पुरतं जमलंय? पण घरात एक गोष्ट आपण जपतो. कपाट आवरताना ज्याचं सामान त्याला हाक मारतो, ‘हे ठेवू का काढू, ये बघायला’. कधी ती ‘काढ’ म्हणते, कधी हातातून ओढून घेते. लाखो लोकांकडून महिन्याचे पैसे घेणाऱ्या कंपन्यांनी एवढी हाक मारायला शिकावं, एवढंच मागणं आहे.